आईचा बटणांचा फोन

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी आईला फोन लावला, तर पलीकडून रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज म्हणाला की या नंबरवरची इनकमिंग सेवा बंद करण्यात आली आहे. मला वाटलं, चुकून दुसरीकडेच लागला. परत लावला. तोच आवाज, तेच वाक्य.

मी अंधेरीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि राहते बोरिवलीला. बाबा गेल्यापासून आई वाकोल्याच्या आमच्या जुन्या खोलीत एकटीच असते. रोज दुपारी दीडला मी तिला फोन करते. जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच. आदल्या दिवशी आमचं एका कंपनीत रक्ततपासणीचं शिबिर होतं, त्यात फोन राहून गेला होता. म्हणजे दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. सरांना सांगून मी अर्धी रजा टाकली आणि रिक्षा पकडली. त्या अर्ध्या तासात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते आता लिहवत नाही.

आई दारात बसून शेजारच्या काकूंबरोबर मेथी निवडत होती. मला बघून म्हणाली, "आज कशी काय आलीस? दोन दिवस फोन नाही केलास. मी रुसले होते." तिचा फोन खिळ्याला लावलेल्या कापडी पिशवीत होता. बटणांचा, जुना, आकडे पुसत आलेले. चार्जिंग पूर्ण होतं. मी तिच्यासमोर माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला. तिचा फोन गप्प राहिला.

फोन असा आपल्या हातात, चार्ज केलेला, आणि तरी बंद पडू शकतो, हे मला खरंच माहीत नव्हतं. कधीतरी थोडा बॅलन्स टाकला की इनकमिंग कायमचं चालू राहतं, अशी माझी समजूत होती. आईच्या फोनमध्ये बॅलन्स तर होता. पण पुलाजवळच्या मोबाइलच्या दुकानातल्या बाईने सांगितलं की बॅलन्स असून उपयोग नाही, मुदत संपली. मुदत संपल्यावर कंपनी आधी फोन करणं बंद करते, मग येणंही बंद करते, आणि आणखी काही दिवस तसंच ठेवलं तर नंबर काढून दुसऱ्याला देते.

"दुसऱ्याला म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्या माणसाला, ताई. तुम्ही आईला फोन लावणार आणि उचलणार भलताच कोणीतरी."

ही दुकानवाली साधारण माझ्याच वयाची. एकीकडे कोणाच्यातरी फोनला काच चिकटवत दुसरीकडे माझ्याशी बोलत होती. मी तिला म्हटलं, आईला नेट लागत नाही, नुसते फोन घ्यायचे आणि करायचे, त्यातला स्वस्त पॅक दे. तिने अठ्ठावीस दिवसांचा पॅक सांगितला, त्यात रोजचं इंटरनेट होतं. बटणांच्या फोनला इंटरनेट कशाला, असं मी विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली की महिन्याच्या पॅकमध्ये नेट घ्या नाहीतर नका घेऊ, पैसे जवळपास तेवढेच. आणि महिना म्हणजे कंपनीच्या हिशेबात अठ्ठावीस दिवस, त्यामुळे वर्षातून बारा नाही, तेरा वेळा यायचं. मी इतकी वर्षं स्वतःचा रिचार्ज करत होते आणि हे तेरा माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्या दिवशी तेवढ्यापुरता महिन्याचा पॅक टाकला. मुदत संपल्याचा मेसेज तुला आलाच असेल, तो का नाही बघितलास, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, नाही आला. मला ते खरं वाटलं नाही.

पुढचा आठवडा माझा पॅक शोधण्यात गेला. अॅपवर पाहिलं तर एकापेक्षा एक मोठे पॅक, रोज अमुक इतका डेटा, सोबत सिनेमे फुकट. लॅबमधल्या एकीने सगळ्यात स्वस्त कंपनीचं सिम सुचवलं. तिच्याकडचं जास्तीचं सिम घेऊन मी आईकडे गेले, तर खोलीत नेटवर्कची एकही दांडी नाही. गल्लीच्या तोंडाशी, नळापाशी गेलं की दोन दांड्या यायच्या. आईने फोन घ्यायला नळावर जावं, हे काही जमण्यासारखं नव्हतं. शेवटी मी ठरवलं की नेटचे पैसे द्यायचेच आहेत तर तिला स्मार्टफोनच द्यावा. माझा जुना पडून होता, एका कोपऱ्यात काच तडकलेली, पण चालू होता. तिचं सिम त्यात घातलं, अक्षरं मोठी केली, नको ते अॅप उडवले, माझा फोटो आणि माझ्या मुलीचा फोटो पहिल्या पानावर आणून ठेवला.

रविवारी तिला शिकवलं. व्हिडिओ कॉल कसा उचलायचा ते ती दोन वेळांत शिकली. हिरवं गोल वर सरकवायचं. नात पडद्यावर दिसली तेव्हा तिने पदर सारखा केला आणि मला म्हणाली, हिला मी दिसते का? मी खुशीत घरी गेले. विहारातल्या बायकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यातही तिला घातलं.

पुढच्या रविवारी गेले तर काकूंकडून सिम परत घालून घेऊन आई पुन्हा बटणांच्या फोनवर. स्मार्टफोन दस्तीत, म्हणजे हातरुमालात, गुंडाळून कपाटात सगळ्यात वर ठेवलेला, आत जीव नाही. चार्जिंगला लावून माझ्या नेटला जोडला, तर ग्रुपवर बत्तीस मेसेज आलेले, एकही उघडलेला नाही. कोणी सभेची वेळ विचारली होती, कोणी "ताई, तुम्ही येणार का" असं दोनदा लिहिलं होतं. मी रागावले. म्हटलं, लोक तुला विचारतात आणि तू साधं उत्तर देत नाहीस, बरं दिसतं का ते?

"डोळे," ती म्हणाली. "अक्षर हलतं."

हे डोळ्यांचं मी बरीच वर्षं ऐकत होते. चष्मा सापडत नाही, उजेड कमी आहे, आज डोकं दुखतंय. चष्मा होता तिच्याकडे, बाबांच्या वेळचा, पण तो नाकावर फारसा नसायचाच. मला एकदम अपराधी वाटलं. मोतीबिंदू असेल आणि मी मात्र पॅक शोधत बसलेय. मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता डोळे तपासू.

तिने खूप आढेवेढे घेतले. मी ऐकलं नाही.

सांताक्रूझ पूर्वेला स्टेशनच्या रस्त्यावर एक चष्म्याचं दुकान आहे, तिथे नंबर काढून देतात. तपासणारे गृहस्थ वयस्कर होते, हळू बोलणारे. त्यांनी आईला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्यावरची मराठी अक्षरं वाचायला सांगितली. सगळ्यात वर एकच मोठं अक्षर होतं, वितीएवढं.

"नाही दिसत," आई म्हणाली.

त्यांनी भिंग बदललं. नाही दिसत. आणखी बदललं. तिचं उत्तर तेच. दुसरा डोळा, तरी तेच. वितीएवढं अक्षर जिला दिसत नाही ती रस्ता कसा ओलांडते, गॅस कसा पेटवते? मी त्यांना विचारलं की ऑपरेशन लागेल का. त्यांनी तक्ता उलटला. मागच्या बाजूला अक्षरं नव्हती. तीन दाते असलेली फणीसारखी एकच खूण, कुठे उजवीकडे तोंड, कुठे वर, कुठे खाली, ओळीगणिक लहान होत गेलेली.

ते म्हणाले, "मावशी, हे दाते कुठल्या बाजूला आहेत, नुसतं बोट करून दाखवा."

आईने बोट केलं. उजवीकडे. वर. डावीकडे. खाली. ती ओळीमागून ओळ उतरत गेली. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत तिचं एकही बोट चुकलं नाही. ती ओळ तर मला उभ्या जागेवरून नीट दिसतही नव्हती.

गृहस्थांनी दिवा लावला. म्हणाले, लांबची नजर उत्तम आहे, मोतीबिंदूचं तर नावच नको, जवळचा थोडा नंबर आहे तो या वयात असतोच. मग माझ्याकडे वळून अगदी सहज विचारलं, "शाळा किती झालीय यांची?"

"चौथी," मी म्हटलं. आम्हाला लहानपणापासून तेच सांगितलेलं होतं.

आई तक्त्याकडेच बघत होती. ती म्हणाली, "नाही झाली."

मला वाटलं, ती चौथी पूर्ण झाली नाही असं म्हणतेय. मी तसं म्हटलंसुद्धा. तेव्हा ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं."

मी एकेचाळीस वर्षांची आहे. एकाच खोलीत मी तिच्यासोबत चोवीस वर्षं राहिले. त्या दुकानात, दुसऱ्याच्या समोर, मला हे कळलं. गृहस्थांनी पाण्याचा ग्लास आणला तो त्यांनी आईला न देता मला दिला.

बाहेर येऊन आम्ही बस स्टॉपच्या बाकावर बसलो. तिथे ती बोलायला लागली, रस्त्याकडे बघत, तुकड्या-तुकड्यांत. लहानपणी तिचे आईवडील अर्धं वर्ष ऊसतोडीला जायचे. बीडकडून निघायचं ते थेट उन्हाळ्याच्या तोंडी परत. धाकट्या भावाला सांभाळायला हिला सोबत न्यायचे. शाळेत नाव होतं, पण बसली ती मोजून काही आठवडे. आकडे मात्र तिला येत होते, उसाच्या मोळ्या मोजून मोजून आलेले. बसचे नंबर, नोटा, फोनचे नंबर, सगळे आकडे तिला पाठ. लग्न होऊन मुंबईला आल्यावर बाबांनी तिला सही शिकवली. ती सही म्हणजे तिच्यासाठी एक चित्र होतं. तेच चित्र माझ्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं उमटत होतं.

मी तिला नर्सिंग होमचं विचारलं. बावीस वर्षं तिने तिथे आयाचं काम केलं होतं. तिथे केसपेपर कसे ओळखायचीस? ती म्हणाली, फायलींचे रंग होते, आणि पेशंटला मी मोठ्याने नाव विचारायचे, लोकांना वाटायचं बाई फार काळजीची आहे.

विहारात वंदनेचं पुस्तक तिच्या हातात असायचं. शेजारणीने पान उलटलं की ती उलटायची. पाठ तिचे तोंडपाठ होते, माझ्यापेक्षा शुद्ध.

आणि पेपर. रोज संध्याकाळी मी तिला पेपर मोठ्याने वाचून दाखवत असे, पहिलीपासून ते थेट दहावीपर्यंत. तिने मला सांगितलं होतं की वाचन सुधारतं, वक्तृत्वाला उपयोग होतो. मी ते खरं मानलं होतं. तिला बातम्या कळायला दुसरा मार्ग नव्हता, हे आता बाकावर बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांना माहीत होतं. काकूला माहीत आहे. नर्सिंग होमच्या मोठ्या सिस्टरला होतं. फक्त तुला नव्हतं."

"मलाच का नाही?"

एक बस आली, तिने नंबर बघून ती आपली नाही असं हाताने सांगितलं. मग म्हणाली, "तुझे बाबा रोज शिका शिका म्हणायचे, विहारात तेच, भाषणात तेच. आणि घरात मी अशी. तू अभ्यासाला कंटाळायचीस तेव्हा मी रागवायचे ना. तू एकदा जरी म्हणाली असतीस की तू तरी कुठे शिकलीस, तर मी काय बोलले असते? म्हणून तुला कळू द्यायचं नव्हतं. नंतर तू एवढी शिकलीस, मग तर लाजच वाटायला लागली."

मी त्या वेळी तिचा हात धरायला हवा होता. मी धरला नाही. मला तिचा रागच आला होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त. माझ्या सासूबाईंच्या एका बहिणीला वाचता येत नाही म्हणून मी एकदा आईसमोर तिची नक्कल केली होती. आई त्यावर हसली होती.

आठ दिवसांनी पॅक संपायला आला. मी आईला घेऊन पुन्हा पुलाजवळच्या दुकानात गेले. वाटेत मी ठरवत होते की कसं सांगायचं, काय निमित्त काढायचं. मी तोंड उघडायच्या आत आईच काउंटरला हात टेकून म्हणाली, "मला वाचता येत नाही. बोलणारा फोन आहे का तुझ्याकडे?"

दुकानवालीने मान वरही केली नाही. खालच्या कप्प्यातून एक बटणांचा फोन काढला, मोठे आकडे असलेला. एक आकडा दाबला की फोन तो आकडा मोठ्याने म्हणायचा. कोणाचा फोन आला की त्याचं नावही म्हणायचा. बटणांवर फोटो लावता येत होते, एकावर मुलगी, दोनावर नात, तीनावर शेजारची काकू. मी तिला विचारलं की असे फोन फार जातात का. ती म्हणाली, "रोज कोणीतरी येतं, ताई. कोणी सांगतं, कोणी डोळ्यांचं नाव करतं. आपण समजून घ्यायचं. मावशीने सरळ सांगितलं, बरं झालं."

म्हणजे तिच्या काउंटरवर हे रोजचंच होतं. मला ते ऐकून पुन्हा एकदा धक्का बसला. मी रोज पन्नास माणसांना फॉर्म भरायला देते. "चष्मा विसरलो, तुम्हीच भरा" म्हणणारे त्यात किती असतात, आणि मी दर वेळी कशी वैतागते.

पॅकचंही तिनेच मार्गी लावलं. नुसत्या कॉलचा, नेट नसलेला पॅक असतो, पण तो वर्षाचा किंवा तीन-एक महिन्यांचा, आणि अॅपमध्ये अगदी खाली. मी म्हटलं, मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? ती म्हणाली, तुम्ही महिन्याचा स्वस्त मागितला, मी महिन्याचा दिला. वर्षाचा टाकला. महिन्याला वाटून पाहिलं तर तो निम्म्याहूनही कमी पडत होता.

मग ती जुन्या फोनमधले नंबर नव्यात घेऊ लागली आणि थांबली. "याची मेमरी फुल आहे. म्हणून मावशीला नवीन मेसेज येतच नव्हते. किती तरी महिने आले नसतील. सगळे उडवू?"

म्हणजे मुदत संपल्याचा मेसेज खरंच आला नव्हता. मी म्हटलं, थांब, बघते.

त्या फोनवर वाचलेला मेसेज उघड्या पाकिटासारखा दिसतो, न वाचलेला बंद. मी खाली खाली जात राहिले. सगळी पाकिटं बंद होती. कंपनीचे, बँकेचे, आणि मधून मधून माझे. मी पोचले. ट्रेन उशिरा आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा. मुलीला पहिला नंबर मिळाला. एकही उघडलेलं नव्हतं. आई उलट लिहीत नाही याचं कारण मी ठरवून टाकलं होतं, बटणं दाबायचा कंटाळा.

आणि तळाजवळ तो एक होता.

त्याचं सांगायला हवं. बाबा गेल्यावर खोली त्यांच्या नावावरून काढून आईच्या नावावर करायची होती. एका एजंटने कागद तयार केले. मी ते आईपुढे ठेवले आणि म्हटलं, इथे, इथे आणि इथे सही कर. ती कागद घेऊन दुपारभर बसली. संध्याकाळी म्हणाली, मी सही करणार नाही. का, ते सांगेना. मी नको ते बोलले. पोटच्या मुलीवर विश्वास नाही, मी तुझी खोली खाणार आहे का, इथपर्यंत. आणि निघून गेले. तीन आठवड्यांनी मला राहवेना, तेव्हा मी मेसेज लिहिला. समोर बोलायचा धीर नव्हता. त्याला उत्तर आलं नाही. मी चार महिने तिच्याकडे गेले नाही. पुढे तिला ताप आला, काकूंनी कळवलं, मी गेले, आणि न बोलताच सगळं पुन्हा सुरू झालं. पण तिने मला माफ केलं नाही, ही गाठ माझ्या मनात राहिलीच. माझ्या नवऱ्यालाही मी तसंच सांगत आले.

ते पाकीट बंद होतं.

मी दुकानवालीला म्हटलं, काही उडवू नकोस. जुना फोन पिशवीत टाकला आणि आम्ही घरी आलो. आईने चहा ठेवला. मी म्हटलं, आई, तुझ्या फोनमध्ये माझा एक जुना मेसेज आहे, वाचून दाखवू का? तिने गॅस बारीक केला आणि समोर येऊन बसली.

मी वाचलं. "आई, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. तुला सही करायची नसेल तर नको करू. माझ्यावर रागावू नको. मला एक फोन कर, मी लगेच येते."

तिने परत वाचायला सांगितलं. मी परत वाचलं.

"हे कधी लिहिलंस?"

मी सांगितलं.

"मी रोज वाट बघत होते तुझ्या फोनची," ती म्हणाली. "मला वाटायचं, पोरगी गेलीच."

मग मी विचारलं की मला वाच म्हणून का नाही सांगितलंस, मी वाचून दाखवला असता ना कागद. ती म्हणाली, वाच म्हटलं असतं तर तुला कळलं असतं. आणि न वाचता सही करायची नाही, असं तुझ्या बाबांनी सही शिकवली त्या दिवशी मला सांगितलं होतं. ते कागद कुठे आहेत, असं मी विचारलं. तिने पलंगाखालची पेटी ओढली. पिवळ्या पिशवीत होते, तसेच, चार पानं.

मी ते मोठ्याने वाचायला घेतले. खरं म्हणजे मीसुद्धा ते तेव्हा वाचले नव्हते. एजंट म्हणाला होता, नाव बदलायचं आहे, आणि मी सह्यांच्या जागा तेवढ्या बघितल्या होत्या. पहिलं पान सरळ होतं, बाबांचं नाव, खोलीचा नंबर, गल्ली. दुसऱ्या पानावर मध्येच एक वाक्य आलं. मी ते अर्धं वाचून थांबले. आई म्हणाली, पुढे?

पुढे लिहिलं होतं की मयताची पत्नी सदर खोलीवरचा आपला सर्व हक्क राजीखुशीने आणि कायमचा सोडून देत आहे.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. ही सही मी तिच्याकडे मागत होते. मला ठाऊक नव्हतं, हे खरं आहे, पण मला वाचता येत होतं. दोन्ही हातात पदवीचे कागद घेऊन मी त्या घरात फिरत होते आणि तिच्यापुढे टाकलेली चार पानं मी वाचली नव्हती. तिने अक्षर न ओळखता ती अडवून धरली होती.

आई उठली. चहा उतू जायला आला होता. कप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "तुला माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"झालं तर मग."

नवे कागद आम्ही एका वकील बाईंकडून करून घेतले, आईच्या नावावर. ते मी तिला दोनदा वाचून दाखवले. एका सरकारी शब्दाचा अर्थ तिने विचारला, तो मलाही येत नव्हता, तेव्हा वकील बाईंना विचारून आल्यावरच तिने सही केली. मी तिला अक्षरं शिकवीन म्हटलं, तर तिने साफ नकार दिला. म्हणाली, आता तू माझी बाई होऊ नकोस, मला बोलायला फोन आहे तेवढा बस. मला ते लागलं. मी दोनदा पुन्हा विचारून पाहिलं, मग सोडून दिलं. विहारात तिने स्वतःच सांगून टाकलं की मला लिहून पाठवू नका, फोन करा. त्यावर आणखी दोघींनी आम्हालाही फोनच करा म्हणून सांगितलं.

नवा फोन माझं नाव घेतो तेव्हा ते हिंदीत घेतो आणि चुकीचं घेतो. आई आधी त्याला दुरुस्त करते, मग उचलते. दीड वाजता मला तेवढं थांबावं लागतं.